इतवारीतून येणारा देश

माझा देश इतवारीतल्या दुकानातून यायचा, गाठोड्यात, भाड्याने. आमच्या बेसा भागातल्या सोसायटीत दर सव्वीस जानेवारीला पोरं भाड्याचे पोशाख घालून एकेक राज्य होतात. मी बरीच वर्षं पंजाब होते. आमच्या घरात कुणीही पंजाब पाहिला नव्हता, पण तो आपला आहे याबद्दल मला शंका नव्हती. महाराष्ट्र झालेली पोरगी कोळीण असायची. नागपुरात. त्याबद्दलही कुणाला शंका नव्हती. देश असाच अंगवळणी पडतो. माझी तक्रार नव्हती.

यंदा होती. दुसऱ्या मजल्यावर एक नर्स भाड्याने राहायची. मूळची नागालँडची, शिकायला आली तेव्हापासून इथेच, नोकरी रामदासपेठेतल्या दवाखान्यात. कमिटीने टूम काढली, 'बाहेरच्या' मुलींना फ्लॅट द्यायचा नाही. सव्वीसच्या कार्यक्रमानंतर मीटिंगमध्ये मंजुरी.

मी पत्रक काढलं : 'बाहेरचं म्हणजे कुठलं? नकाशा दाखवा!' दारोदार वाटलं. कार्यक्रमाच्या दिवशी त्याच कागदांवर तर्री-पोहे मिळाले.

सेक्रेटरीकाकांचा नातू नागालँड झाला होता. डोक्यात कोंबड्याची पिसं, हातात भाला. त्याने उडी मारून 'हुर्र' केलं. टाळ्या पडल्या. मागे उभी असलेली नर्सही टाळ्या वाजवत होती.

काका माइकवर म्हणाले, "पहा, हासुद्धा आपलाच!"

"अन् मागे उभी आहे ती काहून नाही गा काका?" मी खालून ओरडले.

"कार्यक्रम चालू आहे बाई. तो विषय मीटिंगचा."

मीटिंगमध्ये ठराव एकमताने मंजूर झाला. आमचा फ्लॅट बाबांच्या नावावर आहे. हात त्यांनीच वर केला.

महिना संपला तेव्हा तिचं सामान टेम्पोत चढत होतं. मी गादीचं एक टोक धरलं होतं. सेक्रेटरीकाकू खाली आल्या. डोळ्यांत पाणी, अगदी खरं.

"सांभाळून राहा वं पोरी. अन् तुह्याजवळ तिकडचे असली कपडे असतीन ना? पुढच्या कार्यक्रमाले देशील का?"

"नाही ना काकू," ती टेम्पोत बसून कुकर मांडीवर घेत म्हणाली. "आमच्या घरी सगळे जीन्सच घालते."

टेम्पो वळेपर्यंत काकू हात हलवत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"काय वं, खरंच तिकडची होती का ते पोरगी?"