अक्कांच्या खोलीचा रंग

कुणी काहीही विचारलं, की आमच्या घरमालकीणबाई आधी पदराला हात पुसायच्या आणि म्हणायच्या, "सरी, चालेल, तुमच्या मनासारखं करा." दुकानदाराने साड्या दाखवल्या तरी हेच, भाजीवाल्याने विचारलं तरी हेच. बनशंकरीत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही. घराणं मराठी, पण कितीतरी पिढ्या बंगळूरमध्येच मुरलेलं.

त्यांच्या साड्या पाहून तुम्हालाही वाटलं असतं, की बाईंना फिक्या रंगांचं वेडच आहे. राखाडी, मातकट, करडी. मी एकदा तसं म्हटलंही. त्या हसल्या.

"सासूबाई म्हणायच्या, सावळ्या अंगाला भडक शोभत नाही. मग मीच सांगायला लागले, मला फिकंच आवडतं. सांगून सांगून आवडायलाही लागलं."

मग मुलाने बेळ्ळंदूरला फ्लॅट घेतला. आईने आता एकटं राहायचं नाही, असंही ठरवलं. सुनेने फोनवर सहज विचारलं, "आई, तुमच्या खोलीला कुठला रंग देऊ?"

अक्का जिना चढून वर आल्या आणि माझ्या खुर्चीत टेकल्या. "हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं गं. मला काय आवडतं, तेच आठवेना."

त्यानंतर रविवारी सकाळी आम्ही दोघी बसवनगुडीत भिंती बघत फिरायचो. अक्का लोकांच्या फाटकांपुढे उभ्या राहायच्या. वॉचमन बाहेर आला, तर म्हणायच्या, "स्वल्प बघू दे रे." लहानपणी आईने दिवाळीला शिवलेला त्यांचा एक पोपटी परकर होता. शेवटी त्यांनी तोच रंग सांगितला.

राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. "झोप लागत नाही गं. त्या परकरातली मुलगी गोड होती, पण तिच्या खोलीत मला राहवत नाही."

पुन्हा रंगवायचं म्हटल्यावर मुलगा वैतागला. "पुन्हा सगळा पसारा. त्यापेक्षा राखाडी देऊन टाकू, तुला सवय आहे."

"राखाडी नको," अक्का म्हणाल्या. "एकदा चुकलं माझं. मला अजून शोधू दे."

आईला असं अडून बसलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. सून म्हणाली, "शोधा आई. घाई नाही."

एका सकाळी हातगाडीवर चिरून ठेवलेला पेरू त्यांना दिसला. आतून गुलाबी. तो अर्धा पेरू पिशवीत घालून त्या थेट रंगाच्या दुकानात गेल्या आणि काउंटरवर ठेवला. "हा."

खालचं घर आता बंद असतं. जिना उतरताना माझी पावलं अजून त्या दाराशी रेंगाळतात. मागच्या रविवारी मी बेळ्ळंदूरला गेले. गुलाबी भिंतीवर ऊन आलं होतं. अक्का आणि सून खिडकीशी उभ्या होत्या. दांडीवर दोन पडदे शेजारी शेजारी लटकत होते, एक हळदी, एक गर्द निळा.

"यातला कुठला, अक्का?" मी विचारलं.

"थांब गं," त्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "ऊन उतरू दे. मग बघते."