मुलींनी नाकारलेल्यांचा ग्रुप

सेवेतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळतात; हे मात्र अजून स्वच्छ आठवतं. तेव्हा मी नाशिकमधल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. घरोघरी इंटरनेट नव्हतं, पोरं सायबर कॅफेत तासावर बसायची.

एका सकाळी सिन्नरच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण प्रिंट घेऊन आला. मुलींनी नाकारलेल्या पोरांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता. अशांना आता इन्सेल म्हणतात. पंचवटीत मेडिकल दुकानात काम करणाऱ्या एका मुलीची सुटण्याची वेळ आणि रस्ता देऊन तिथे कुणीतरी लिहिलं होतं, ‘शनिवारी धडा शिकवतो.’

“तुला हे कसं कळलं?”

“मीही होतो त्यात, साहेब. नोकरी लागल्याचं लिहिलं, तर कुणी बरं म्हटलं नाही. म्हणाले, तू आता आमच्यातला नाहीस. तेव्हापासून सोडलं. काल सहज बघितलं, तर हे.”

स्टेशन डायरीत नोंद केली, मुलीला सावध केलं आणि दुकानापाशी साध्या वेशात महिला शिपाई नेमली. लिहिणारा एकलहरे गावातल्या कॅफेत बसतो, एवढं खबर देणाऱ्याला माहीत होतं. कॅफेच्या रजिस्टरवरून दुपारपर्यंत नाव निघालं.

बावीस वर्षांचा, डिप्लोमा अर्धवट सोडलेला मुलगा. झडतीत काही सापडलं नाही. त्याला ठाण्यात आणून समोर बसवलं. मी विचारलं, “ती तुला नेमकं काय म्हणाली?”

“काही नाही.”

“म्हणजे?”

“मी तिच्याशी कधी बोललोच नाही. ग्रुपवर सगळे म्हणाले, ती नाहीच म्हणणार.”

मग सगळं बाहेर आलं. कॉलेज सुटल्यापासून घरी कुणी त्याच्याशी धड बोलत नव्हतं. ग्रुपवर रोज विचारायचे, आज काय झालं.

मुलीला बोलावलं. ती म्हणाली, “त्याने लिहिलेलं माझ्यासमोर पुसायला लावा, आणि लेखी नोंद करा.” दोन्ही केलं. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र झालं, सहा महिने दर सोमवारी हजेरी लागली. आमचे हवालदार त्याला सही झाली की मागच्या मैदानावर व्हॉलीबॉलला उभं करायचे.

सातव्या महिन्यात तो पुन्हा दारात.

“तुझी मुदत संपली,” मी म्हणालो.

“माहितीये, साहेब. तुमचा एक गडी कमी पडेल म्हणून आलो.”

त्या मुलीला काही महिने रस्ता बदलून घरी जावं लागलं होतं. ते त्याच्यामुळेच, आणि मी त्याला तसं सांगितलंही. पण पुढे अशा प्रत्येक चौकशीत मी एक प्रश्न आधी विचारू लागलो: तुझ्याशी रोज बोलतं कोण? बहुतेक वेळा तपास तिथूनच पुढे सरकला.