मले मावशीचा आवाज जमत नाई

ध्यानावरचा लेख हाये म्हनून कोनी पाठ सरळ करून, डोळे मिटून बसलं असन, तर उघडा बाप्पा. डोळे मिटून वाचता येत नाई. हीच तर माह्या मावशीची खरी अडचन होती. आन गेलेल्या मानसावरचा लेख हाये म्हनून ‘त्या अत्यंत शांत आणि मितभाषी होत्या’ असं काई वाचाची तयारी केली असन, तर तेही राहू द्या. निर्मला मावशी शांत नोती. अकोल्याच्या तिच्या गल्लीत भाजीवाला तिच्या घरापाशी आवाजच देत नसे, गाडा पुढं ढकलून मंग वरडे, इतका तो तिच्या भाव करन्याले भ्याये. ब्लाउज शिवून तयार असला आन बाई न्यायले आली नाई, तर मावशी तिले भर रस्त्यात उभं करून झापे. अशी बाई बुद्धाच्या ध्यानाची पुस्तकं वाचे... आन मी तिचा भाचा. अमरावतीले मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आन लगनाच्या हळदीत लोकायचे आवाज काढतो. आता बसा आरामात.

रविवारी संध्याकाळी तिचा फोन ये. त्या रविवारी जरा लवकर वाजला. पडद्यावर मावशीचंच नाव. आमच्या दर्यापूरच्या शाळेचे हेडमास्तर तिच्या लय आवडीचे, म्हनून मी त्यायच्या आवाजात उचलला, "कोण बोलतंय रे तिकडे? उभा राहा आधी!" तिकडून मावशी नाई, काका होते, तिचे यजमान. मंग काका म्हनले, "अरे... तुही मावशी गेली." आन मी खरंच उभा राहिलो. दुपारी मशीनीवर बसल्या बसल्या छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचली नाई, एवढंच त्यायले सांगता आलं.

पुस्तकाची गोठ सांगतो. मावशीच्या गिऱ्हाइकायत एक शाळेतल्या म्याडम होत्या. फिटिंगले आल्या तवा त्यायच्या पिशवीतलं पुस्तक मावशीकडे राहून गेलं. श्वासाकडे पाहाचं, आंगात काय होऊन राहिलं ते पाहाचं, आन मनात काय येते-जाते ते बी पाहाचं, असं त्यात लिवलं होतं. मावशीनं ते परत कराच्या आधी वाचून काढलं आन म्याडमले म्हनली, "असे आनखी हाये का वो तुमच्याकडं?" मंग एकामागून एक येत गेले. काई म्याडमनं देले, काई मी अमरावतीहून नेले. ती त्या पुस्तकायले ब्लाउजच्या उरलेल्या अस्तराचे कव्हर शिवे. श्वासाचं पुस्तक लाल अस्तरात, चालन्याचं हिरव्या, आन जे अजून समजलं नाई ते पांढऱ्या. पांढऱ्यावाले सगळ्यात जास्त होते.

पन पुस्तकातून ध्यान शिकाचं म्हनजे मोठी पंचाईत. डोळे मिटा, असं लिवलं हाये. मिटले. आता पुढं काय लिवलं हाये? उघडा. वाचा. मिटा. मधात गिऱ्हाईक आलं की पुन्हा पयल्यापासून. शेवटी तिनं त्याच पुस्तकाची एक प्रत मले घ्यायले लावली. मी अमरावतीले राजापेठेतल्या माह्या खोलीत बसून वाचाचं, फोन तिकडे अकोल्याले स्पीकरवर, आन ती मशीनीजवळच्या दरीवर, म्हनजे सतरंजीवर, डोळे मिटून. मी कधी बस स्टँडवरच्या अनाउन्सरच्या आवाजात वाचो, "श्वास आत येणारी गाडी थोड्याच वेळात नाकावर लागत आहे..." तिकडून फोनमधून आवाज ये, "हसू... हसू... मेल्या, हसू आनलं तू! साध्या आवाजात वाच ना भैताडा."

हे ‘हसू, हसू’ काय ते सांगा लागन. एका पुस्तकात असं होतं की जे होऊन राहिलं त्याले मनातल्या मनात नाव द्याचं. दुखलं तर ‘दुखते’, खाजवलं तर ‘खाजवते’, आन लगेच काई करू नाई, पाहत राहाचं. मावशीनं ‘मनातल्या मनात’ हे सोडून बाकी सगळं घेतलं. ती मोठ्यानं म्हने. अकोल्याच्या उन्हाळ्यात भरदुपारी, "गरम... गरम..." वीज गेली की, "राग येऊन राहिला, राग येऊन राहिला." काका वीज खात्यातूनच रिटायर झालेले, त्यायले वाटे हे आपल्यालेच म्हनून राहिली.

चालन्याचं हिरवं पुस्तक आलं तवा तर कहर. पाय उचलला हे पाहा, पुढं नेला हे पाहा, ठेवला हे पाहा. ती गच्चीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकाले जायले इतका वेळ लावे की बाजूच्या गच्चीवरून शेजारीन काकाले वरडली, "भाऊ, धावा! वहिनीचं आंग गेलं एका बाजूनं!" काका एका पायात चप्पल घालून वर पळाले. मावशी तिथी उभी, एक पाय हवेत. "ठेवू द्या वो मले," म्हने, "अर्धा ठेवून झाला हाये."

मी तिले म्हटलं होतं, शिबिराले जा, तिथी शिकवनारे असतात. तिले जाचंही होतं. पन दहा दिवस घर सोडाचं, बोलाचं नाई, फोन बंद... तेवढं तिच्यानं झालं नाई. लगनसराई, मंग शाळेचे ड्रेस, मंग दिवाळी. आन मले वाटते तिले भेव बी होतं. एकदा वाचून झालं, मी फोन ठेवनार, तवा तिनं अचानक इचारलं, "मी बरोबर करून राहिली का रे?"

"मले काय माहीत मावशे. मी तर नुसता वाचतो."

"मंग कोनाले इचारू? पुस्तकाले इचारलं तर थे पुढच्या पानावर जाते."

मी हसलो. ती नाई हसली. तवा मले पयल्यांदा समजलं की भरल्या घरात, मशीनीच्या खडखडीत, ही बाई या बाबतीत अगदी एकटी हाये. तिच्यासंगं बसनारं कोनी नोतं. काका टिंगल करत. गिऱ्हाइकं मागून हसत. मी होतो, तोही पार अमरावतीहून.

शेवटचं भेटलो तवा तिचा गुडघा सुजला होता. डोळे मिटून बसली होती. "दुखते... दुखते..." म्हने. काका वैतागले, "दुखते त माहीत हाये ना! मले काहून सांगते?" तिनं डोळे नाई उघडले. म्हनली, "तुमाले नाई सांगून राहिली. दुखन्याले सांगून राहिली."

आता माही अडचन. मले गावातल्या सगळ्यायचा आवाज येते. हेडमास्तर येतात, कीर्तनकार येतात, आमच्या दुकानाचे मालक तर असे येतात की त्यायच्या बायकोनं एकदा मले फोनवर भाजी आनाले सांगतली. मावशी नाई येत. रविवारी संध्याकाळी फोन वाजत नाई, तवा मी आरशासमोर बसून कोशिश करतो. येते ते भलत्याच बाईचं येते, टीव्हीतल्या सासूसारखं. आमचं बोलनं कोनी रेकॉर्ड नोतं केलं... दर रविवारी बोलनाऱ्या मानसाले कोन रेकॉर्ड करते? म्हनजे तिचा आवाज आता फक्त माह्या गळ्यात असू शकते, आन तिथीच नाई. एका हळदीत माइक हातात होता, लोकं ‘आनखी एक, आनखी एक’ करून राहिले होते, आन माह्या मनात येऊन राहिलं, मावशीचा आवाज जर असाच निसटला तर तो कायमचा गेला. मी जुलाबाचं निमित्त सांगून निघून आलो. खोलीत बसून म्हटलं, ‘एकटं वाटते, एकटं वाटते.’ पुस्तकात लिवलं हाये की नाव देलं की गोष्ट हलकी होते. माह्याजवळची प्रत जुनी असन.

मंग सुट्टी काढून अकोल्याले गेलो. काका दारातच होते, म्हनले, "ये. दूध नाई घरात, आनतो." आन गेले. मशीनीवर चादर टाकली होती. दरी तिथीच. फळीवर अस्तरातले पुस्तकं. मी लाल घेतलं, तिच्या जागेवर बसलो, थोडं मोठ्यानं वाचलं, डोळे मिटले... माहा गुडघा दुखाले लागला, खरंच दुखाले लागला, आन तोंडातून आलं, "दुखते, दुखते." आलं! नाकातून थोडं, शेवटी ओढलेलं, अगदी तीच. मी पुन्हा म्हटलं, "दुखते, दुखते." पुन्हा तीच.

धप्प आवाज झाला. डोळे उघडले तर काका दारात, दुधाची पिशवी खाली पडलेली. चेहरा असा की आता मारतात. मी उठाले लागलो, सॉरी म्हनाले लागलो.

"बस खाली!" काका वरडले. "गाढवा, असं म्हने का ती? लागोपाठ? ‘दुखते, दुखते’, घोडं मागं लागलं का तुह्या? एकदा म्हने, आन मंग गप राहे. किती येळ गप राहे! मी तिथी खुर्चीवर पेपर घेऊन बसो, एक ओळ वाचनं होत नसे माही... आता म्हनन, आता म्हनन, करत वाट पाहो. मंग दुसरं म्हने. तवा माहा जीव खाली ये. आन तू मधलं सगळं खाऊन टाकलं! लोकायले हसवतो म्हने! एवढी रविवार रविवार ती तुले फोन करे, काय ऐकलं तू? म्हन पुन्हा. आन मधात थांब. मी सांगतो किती."