टाचण्यांचा चेंडू

घाटकोपरच्या आमच्या चाळीत तो शेवटच्या खोलीत राहायचा. प्रयोगशाळेत डासांच्या पेशींमध्ये व्हायरस वाढवणं, ही त्याची नोकरी. कामाबद्दल कुणी विचारलं, की "एकदम सोपं आहे यार!" म्हणत टाचण्या टोचलेला रबरी चेंडू काढायचा.

"हा व्हायरस. टाचण्या म्हणजे वरची प्रोटीनं. लाल टाचणी पेशीचं दार उघडते. आतलं प्रोटीन मग व्हायरसच्या नकला काढत सुटतं. गंमत म्हणजे डासाची पेशी मरत नाही. वाट लागते ती आपली."

हे सांगताना त्याचे डोळे चमकायचे. मला ते आवडायचं नाही.

मग शेजारच्या वहिनींची लहानगी त्याच व्हायरसच्या तापानं गेली. काही दिवसांनी वहिनी त्याच्या दारात उभ्या राहिल्या. मी गॅलरीतच होतो.

"भावोजी, तो चेंडू दाखवा ना."

त्यानं तो आणला.

"यातल्या कशानं गेली ती?"

मला वाटलं, आता तरी हा काहीतरी खोटं सांगेल. पण त्यानं खाली मान घालून लाल टाचणी दाखवली.

वहिनींनी तिच्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"एवढीशी?" त्या म्हणाल्या.