मालनमावशींची तीन मिनिटं

समोरचा माणूस मोबाईलशी झगडत असला की दीप्ती परब आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते. या एका गोष्टीवरून तिच्या सासूबाई, जयंतीबाई, तिच्यावर कायमच्या चिडलेल्या. गॅसचा नंबर लावताना त्या घामाघूम होतात आणि सून शेजारी बसून नुसती बघते. "सांगशील की नाही गं? बघतेस काय टकामका?" दीप्ती हसते आणि त्या कुठे अडल्या ते मनात टिपून घेते. कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर आणि कामगारांची प्रशिक्षणं आखायची हे तिचं काम. पंधरा वर्षांत तिनं एक नियम घट्ट धरलाय: माणूस अडला तर माणसाला बोल लावायचा नाही, स्क्रीन बदलायचा. नाहूरच्या त्या दोन खोल्यांत हे शहाणपण कुणालाच पटत नाही, पण घर त्यावरच चालतं.

मागच्या वर्षी मुलुंडच्या एका खाजगी हॉस्पिटलचं काम तिच्याकडे आलं. सफाई कामगारांसाठी टॅबलेटवरचं प्रशिक्षण आणि शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा. कुठला कचरा कुठल्या रंगात टाकायचा, एवढाच विषय. त्यासाठी दीप्ती तीन आठवडे मालन घाडी यांच्या मागे वॉर्डावॉर्डातून फिरली. हॉस्पिटलात सफाईच्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात, पण नुसतं 'मावशी कुठायत?' विचारलं की लोक मालनमावशींकडेच बोट दाखवायचे. एकोणीस वर्षं झाली होती त्यांना तिथे. रक्ताचं बँडेज पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात. हे त्या गप्पा मारता मारता, न बघता करायच्या. एका शिकाऊ डॉक्टरनं सुई बँडेजबरोबर टाकली तेव्हा त्यांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. "डॉक्टर, ती सुई माझ्या हातात जातली. तुमच्या नाय."

दीप्तीनं ते वाक्य जसंच्या तसं प्रशिक्षणात घातलं. खरं तर अख्खं प्रशिक्षणच मावशींचं होतं, हिनं नुसती चित्रं लावली. 'नापास' हा शब्द मात्र तिला खपेना. एक अख्खी दुपार खर्चून तिनं त्या जागी दुसरं वाक्य बसवलं: 'काळजी करू नका. सावकाश, पुन्हा एकदा.' आणि खाली मोठं हिरवं बटण.

मग आली चाचणी. पाच जणींनी परीक्षा करून बघायची, दीप्तीनं शेजारी बसून नुसतं बघायचं. चौघी बारावी झालेल्या पोरी होत्या. पाचव्या मालनमावशी, चौथी शिकलेल्या, आणि आदल्या दिवशी भीतीनं अर्ध्या झालेल्या. त्यांचा चेहरा बघून दीप्तीनं जे कधी करू नये ते केलं. मावशींच्या मोबाईलवर परीक्षेची लिंक पाठवली. "घरी एकदा बघून ठेवा मावशी, भीती जाईल."

दुसऱ्या दिवशी मावशींनी तीन मिनिटांत दहापैकी दहा आणले. कुठे अडणं नाही, थांबणं नाही. दीप्ती हात मांडीखाली दाबून बसली होती, पण आतून नाचत होती. मावशींना जमलं म्हणजे सगळ्यांना जमलं, असं तिनं गृहीत धरलं आणि अहवालात लिहून टाकलं की तीन मिनिटं पुरतात. पंधरा वर्षांचा अनुभव असलेली बाई! एवढं गोड झालेलं काम तपासून बघावं, असं तिला वाटलं नाही.

जानेवारीत हॉस्पिटलनं सफाईचा ठेकेदार बदलला. नवा ठेकेदार फक्त परीक्षा पास झालेल्यांनाच कामावर ठेवणार होता. वेळ पाच मिनिटं, संधी दोन. कॉपी नको म्हणून प्रश्नांचा आणि चित्रांचा क्रम दर वेळी बदलणार. यातलं काहीच दीप्तीला कुणी विचारलं नव्हतं. तिला बोलावलं ते पहिल्या दिवशी, कौतुकानं, बघायला.

मावशींचं पहिलं बोट आत्मविश्वासानं डाव्या कोपऱ्यात गेलं आणि चुकलं. दुसरं खाली उजवीकडे गेलं, तेही चुकलं. मग बोट नुसतं हवेत फिरत राहिलं. पाच मिनिटं संपली तेव्हा चार उत्तरं बरोबर होती. 'काळजी करू नका. सावकाश, पुन्हा एकदा.' मावशींनी हिरवं बटण दाबलं आणि उद्याची वेळ मिळाली.

मागच्या जिन्यात त्यांनी दीप्तीचा हात धरला. "बाय, मला भराभर वाचता येत नाय गो. एकेक अक्षर लावीत जावं लागतं. त्या टायमाला श्रुतिकानं, सुनेनं, बसवून पाठ करून घेतलेलं. पहिल्याला वर डावीकडे, दुसऱ्याला खाली उजवीकडे... गाण्यासारखं."

"पण का, मावशी? नसतं आलं तरी चाललं असतं!"

"तीन आठवडे माझ्यामागे फिरलीस. माझ्यापायी साहेबासमोर तुझं हसं झालं असतं तर?"

दीप्तीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मावशी तिच्यासमोर एकदा जरी अडखळल्या असत्या, तर टॅबलेट प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवील अशी सोय तिनं केली असती. दोन दिवसांचं काम होतं ते.

ती धावत हर्षदकडे गेली. हॉस्पिटलात प्रशिक्षणाचं खातं तो सांभाळायचा.

"वेळ वाढवा. नाहीतर मला तोंडी प्रश्न विचारू द्या."

"मॅडम, तुमच्याच अहवालात तीन मिनिटं आहेत. आम्ही तर पाच दिली ना."

"तो आकडा चुकलाय. चूक माझी आहे."

"मान्य आहे हो. पण सिस्टीम हेड ऑफिसनं लॉक केलीय. मेल टाका, आठवड्यात उत्तर येईल."

"परीक्षा उद्या संपतेय, हर्षद."

"माझ्या हातात असतं तर केलं नसतं का, मॅडम?" तो खोटं बोलत नव्हता, आणि त्यामुळे भांडायलाही कुणी उरलं नाही. दीप्तीनं मेल टाकला, हेड ऑफिसला तीन वेळा फोन केला. फोनवरची मुलगी तिला दर वेळी गोड आवाजात थांबायला सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी दीप्ती मावशींच्या शेजारी बसली. मागे ठेकेदाराचा निरीक्षक उभा होता. मावशी पुटपुटत अक्षरं लावत होत्या. "सु... ई. सुई पांढऱ्यात," असं त्या स्पष्ट म्हणाल्या, पण पांढरं चित्र सापडेपर्यंत अर्धं मिनिट गेलं. उत्तरं सगळी बरोबर येत होती. बोट मात्र मागे पडत होतं. दीप्तीचे हात मांडीखाली बधिर झाले होते. चित्र कुठे आहे ते तिला दिसत होतं. ते तिनंच तर काढलं होतं.

सहाव्या प्रश्नावर वेळ संपली.

मावशींनी पडद्याकडे बघितलं. 'काळजी करू नका. सावकाश, पुन्हा एकदा.' हे वाक्य त्यांना आता ओळखीचं झालं होतं, तरी त्यांनी ते एकेक अक्षर लावून वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. संधी संपलेल्या माणसाला काय सांगायचं हे दीप्तीनं लिहिलंच नव्हतं. संधी संपणार आहे हे तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

"सावकाश म्हणताहेत," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही. बोट ओलं असेल म्हणून त्यांनी ते पदराला पुसलं आणि पुन्हा दाबलं. मग दीप्तीकडे वळल्या.

"लागत नाय गो हे. माझंच काय चुकतंय काय? तू बघ जरा."

दीप्तीनं हात मांडीखालून काढले आणि लागणार नाही हे ठाऊक असूनही मावशींसमोर ते बटण दाबून बघितलं.