मामेसासऱ्यांचे आंधळे सुपरहिरो

वाट बघण्याच्या बाबतीत माझ्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या लालबागमध्ये मिळणार नाही. इतर लोक कंटाळत, चिडत, घड्याळाकडे बघत वाट बघतात. मामा वाट बघायला बसले की नीट मांडी ठोकून बसतात. गिरणीचा संप झाला तेव्हा ते साचेखात्यात मागावर होते. संप आज ना उद्या मिटेल म्हणून त्यांनी आपला जेवणाचा डबा रोज घासूनपुसून फडताळात ठेवायला सुरुवात केली. गिरणीचं भंगार निघालं, जागेवर काचेचा मॉल उभा राहिला, तरी डबा घासणं चालूच. माझं लग्न झालं आणि मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा मामींनी घरातली भांडी दाखवावीत तसा मला तो डबा दाखवला आणि म्हणाल्या, "ह्येच्यात आजून एक भाकरी पडाक नाय." मामा नुसते हसले.

संपाच्या दिवसांत चूल पेटायला हवी म्हणून ते गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला लागले. चार महिन्यांपुरतं, असं ते सांगत. ते चार महिने संपेपर्यंत त्यांचे सगळे केस पांढरे झाले. हात मात्र असा बसला की पुढे पुढे मूर्तीचे डोळे रेखायचं काम, ज्याला कारखान्यात आखणी म्हणतात, ते मालक दुसऱ्या कोणाला देईनात. त्यांच्या उस्तादाचा एक दंडक होता. मूर्ती नेणारा यजमान समोर येऊन उभा राहिल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत. डोळे उघडले की पहिली नजर ज्याच्यावर पडेल, त्याच्या घरी देव आनंदाने जातो. मामांनी हा दंडक उस्तादापेक्षा कडक पाळला. एकदा एका मंडळाचे जुने अध्यक्ष आणि नवे अध्यक्ष, दोघेही नजर आपल्यावरच पडावी म्हणून मूर्तीसमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. कोणी हटेना. मामांनी ब्रश कानावर अडकवला आणि शांतपणे विचारलं, "कोण तो एकच उभो रवा. देवाक तिरळो करू काय?"

पुढे चाळ पाडली आणि मामांना करी रोडच्या टॉवरमध्ये खोली मिळाली, इतक्या उंचावर की खिडकीतून कावळ्यांच्या पाठी दिसाव्यात. मामी तिथे फार दिवस राहिल्या नाहीत. त्या गेल्या, कारखान्यातलं काम वयामुळे सुटलं आणि मुलगा कॅनडाला गेला. मामा चाळीच्या सवयीने दार सताड उघडं टाकून बसत. कोणी येत नसे. शेवटी वॉचमन वर आला. "काका, दरवाजा बंद रखो, सोसायटी का रूल है." मामांनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली, चहा पाजला, त्याच्या गावच्या पावसापाण्याची चौकशी केली. तो गेल्यावर दार पुन्हा उघडं. तक्रार आली की वॉचमन वर येतो, हे कळल्यावर तर ते बंद होण्याची आशाच संपली.

अशा त्या घरात मुलाच्या कपाटात एक खोकं निघालं. इथे नोकरीला असताना तो मित्रांबरोबर पटावर मांडायचा कसलासा खेळ खेळायचा, त्यातले सुपरहिरो. बोटाच्या पेरांएवढ्या, करड्या प्लास्टिकच्या, बिनरंगाच्या बाहुल्या. मामांनी फोनवर विचारलं तर मुलगा घाईत म्हणाला, "ते रंगवायचे असतात बाबा, माझं राहूनच गेलं. आलो की बघतो." आलो की, एवढं मामांना पुरे होतं. त्यांनी घड्याळजीकडचं डोळ्याला लावायचं भिंग मिळवलं, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांवर मेणाने एकेक वीर चिकटवला आणि कामाला बसले.

रंग कारखान्याच्या वळणानेच लागणार. पाठीवर फडफडणारी झूल असलेल्या वीराला त्यांनी जरीकाठी शेला दिला. उडणाऱ्या बाईला मोरपंखी चोळी दिली, वर नाकात ठिपक्याएवढी नथ. सगळ्यांच्या गालांवर अशी गुलाबी छटा मारली की हे लोक जग वाचवायला निघालेत की आरतीला, कळू नये. चार हातांच्या एका खलनायकावर त्यांचा विशेष लोभ. त्याला त्यांनी चढवले तितके रंगाचे हात दुसऱ्या कोणालाच नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "वाईट माणसाचो रंग पक्को लागता, जावयबापू. उतारलो तर वळकूचो कसो?" एका वीराच्या तोंडावर मात्र गुळगुळीत मुखवटा होता, डोळ्यांच्या जागी काहीच नाही. त्यावरून मामा दोन दिवस अस्वस्थ होते. "ह्येका डोळेच नाय? मगे ह्यो वाचवतलो कोणाक?" शेवटी त्यांनी मुखवट्यावरच डोळ्यांची जागा ठरवून टाकली.

जागाच फक्त. कारण डोळे कोणाचेच रेखले नव्हते. यजमान कॅनडात होता. खिडकीच्या कट्ट्यावर नटूनथटून, आंधळी, ती सगळी मंडळी ओळीने उभी राहिली. गणपतीला येतो, असं मुलगा म्हणायचा. मग रजा मिळायची नाही. मग दिवाळी, मग मे महिना. मामा रोज फडक्याने वीरांवरची धूळ झटकत. मी एकदा शहाणपणा करून सुचवलं की व्हिडिओ कॉल लावू, मुलगा समोर दिसेल, उरका आखणी. मामांनी फोनकडे बघून मान हलवली. "नजर फोनार पडतली. फोन काय ह्येंका घराक नेतलो?"

एव्हाना त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. कपबशी वाजायची. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढत जाणार. त्यानंतर मामांनी मुलाला पहिल्यांदाच स्वतःहून ये म्हटलेलं मी ऐकलं. मी शेजारीच बसलो होतो, फोन स्पीकरवर होता. "तुझी खेळणी तयार आसत रे. डोळे तेवडे ऱ्हवलेत. हात आसा तवसर येऊन जा." मग मुलगा म्हणाला, "बाबा, मी आता ते खेळत नाही हो. इकडे आणून ठेवू कुठे? कोणालातरी देऊन टाका. नाहीतर तुम्हीच ठेवा, तुमचेच समजा." त्याच्या आवाजात वाईटपणा काही नव्हता, दमलेला होता बिचारा. मला मात्र त्याचा फार राग आला. मामा म्हणाले, "माकाच?" आणि मग तिकडे थंडी किती आहे ते विचारत राहिले.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. अंघोळ करून, धुवट पांढरा सदरा घालून, यजमान आखणीला येतो तसे ते बसले होते. "आज यजमान मीच," ते म्हणाले. हात हलतो म्हणून बाटली धरायला त्यांना माणूस हवा होता. "मागसून धरा. तुमच्यार नजर पडाक नको, नायतर तुमच्यावांगडा जातली घराक."

म्हणून मी मागून धरली. डाव्या हाताने उजवं मनगट आवळून, श्वास रोखून ते ब्रश टेकवत. मला वीरांच्या फक्त पाठी दिसत होत्या, आणि त्यांच्यापलीकडे मामांचा चेहरा. एकेकाचे डोळे उघडले की ते ब्रश खाली ठेवत, भिंग काढत, नुसते त्याच्याकडे बघत राहत आणि अगदी हळू, घरात आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारत, "इलस?" मग पुढचा. त्याच्याशीही तेच. मी बाटल्या बदलत होतो. प्रत्येक वेळी मनापासून वाटत होतं की, यातल्या कोणीतरी एकाने हो म्हणावं.