नदीकाठचा नागरमोथा

काळेवाडीत आमच्या चाळीमागं पवना वाहते. तिच्या काठच्या चिखलात लव्हाळा माजतो. कितीही उपटा, महिन्याभरात परत हजर, कारण त्याच्या गाठी खाली मातीत राहतात. त्या गाठी म्हणजेच नागरमोथा. आई बीडकडची, उटणं विकत आणणं तिला कमीपणाचं वाटायचं. दिवाळीआधी ती खुरपं घेऊन काठावर जायची, मोथा खणून आणायची आणि धुऊन, वाळवून कुटायची.

पुढं नदीवर फेस यायला लागला. मासे उलटे तरंगायला लागले, बेडकांचा आवाज बंद झाला. लव्हाळा मात्र हिरवागार. "गवत जित्तं हाय म्हंजी माती चांगली हाय," आई म्हणायची. तिच्या गावाकडं असेल तसं. इथं कसलं डोंबल!

गेल्या दिवाळीत पहिल्या आंघोळीला तिनं तेच उटणं लावलं. दुपारपर्यंत धाकट्या बहिणीची पाठ लालभडक होऊन फोड आले. "मीच नीट धुतलं न्हाई," म्हणत आई स्वतःलाच बोल लावत बसली. माझं डोकं फिरलं. पाणी नासवणाऱ्या कंपन्यांचा मी मोठ्यानं उद्धार केला.

बाबा धातूला मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांनी वाटीत उरलेलं उटणं नाकाशी नेलं आणि वाटी हळूच खाली ठेवली.

"हा आमच्या टाकीचा वास आहे," ते म्हणाले. "नाल्यात मीच सोडतो ते पाणी."

सुट्टी संपली त्या दिवशी आईनं त्यांचा डबा रोजच्यासारखाच भरला.